ट्रॅफिक पोलिसाने गाडीची चावी काढून घेतली, तर ते कायदेशीर असतं का?

सरसकट चावी काढून घ्या असं सांगणारं कलम 1988 च्या मोटार वाहन कायद्यात नाही. तुम्ही लिहिलंय की सिग्नलला हात दाखवून थांबवलं, तुम्ही तोंड उघडायच्या आत चावी काढली आणि तो कडेला झाडाखाली जाऊन उभा राहिला. हे दुचाकीवाल्यांच्याच वाट्याला जास्त येतं. काच वर केलेल्या मोठ्या गाडीत कोण हात घालणार?

गाडी ताब्यात घेता येते, पण त्याला कारण लागतं. नोंदणी नसणं, चालवणाऱ्याकडे लायसन्स नसणं, तो अल्पवयीन असणं अशा गोष्टींसाठी कलम 207 आहे. सिग्नल तोडला म्हणून चावी खिशात, हे त्यात बसत नाही.

मात्र ‘मला थांबवायचा तुम्हाला अधिकारच काय?’ असं विचारू नका. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं, कलम 130. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अॅपमधलं चालतं. व्हॉट्सअॅपवर साठवलेला फोटो मात्र त्या जागी धरता येत नाही. लायसन्स काढून घेतलंच तर पोच मागा. कलम 206 प्रमाणे ती द्यावी लागते आणि त्या पोचेवर गाडीही चालवता येते.

आता मला खरं बोलायचंय ते दंडाबद्दल. आपण रस्त्यावर भरतो त्याला आपण दंड म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ते तडजोड शुल्क. दंड ठोठावायचं काम कोर्टाचं. कोर्टाची पायरी चढायची नसेल तर ठरलेली रक्कम भरा, प्रकरण मिटलं, अशी सोय कलम 200 मध्ये आहे. गुन्हा कबूल नसेल तर ‘मी कोर्टात बघेन’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी कुणी तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही. म्हणजे तडजोड सरकारमान्यच आहे. तोडपाणीत फक्त पावती नसते. आणि चावी हातात घेण्याचा उपयोग नेमका तिथे होतो. घाईत असलेला माणूस कलमं आठवत बसत नाही, तो पाकीट काढतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ते अप्रामाणिक होईल. थांब म्हटल्यावर गाडी दामटणारे, पोलिसाला फरफटत नेणारे लोक आहेत. भर उन्हात धूर खात आठ-आठ तास उभं राहून शिव्या ऐकणाऱ्या माणसाने आधी चावीला हात घातला, तर त्यामागची भीती मला कळते. समर्थन मी तरीही करणार नाही. चालत्या गाडीच्या चावीला हात घातला तर माणूस पडेल.

चिरीमिरीबद्दल एक लक्षात ठेवा: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास सुटका आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064.

माझं म्हणाल तर दोनेक वर्षांपूर्वी एका चौकात मीही पकडला गेलो. पिवळा लाल झाला होता, चूक शंभर टक्के माझी. चावी गेली. ‘पावती पाचशेची, नाहीतर दोनशे द्या आणि निघा.’ मी म्हटलं, “साहेब, मशीनवर चलान करा, पाचशे भरतो.” त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, चावी तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “जा, परत तोडू नका.”

दोनशेही वाचले, पाचशेही. घरी येऊन मी हे मोठ्या रुबाबात सांगितलं, तेव्हा बायकोने विचारलं, “म्हणजे सिग्नल तोडल्याचे पैसे कुणीच भरले नाहीत का?”