लंडनला मीडिएटर होण्याआधी

तुझा मेल वाचला. लोकलमध्ये उभ्याने टाइप केलेला असणार, कारण 'मीडिएशन', म्हणजे कोर्टाच्या निकालाऐवजी मध्यस्थाच्या मदतीने भांडण मिटवणं, हा एकच शब्द तू चार तऱ्हांनी लिहिला आहेस. तुझा बेत मला समजला तो असा: फोर्टातली वकिलीची सहा वर्षांची नोकरी सोडायची, कर्ज काढून लंडनला एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायची, सोबत कमर्शियल मीडिएटरचं अ‍ॅक्रिडिटेशन, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेची मान्यता, घ्यायचं आणि मग इथेच प्रॅक्टिस थाटायची. 'ताई, तू केलंस तसंच.'

मी तसं केलेलं नाही गं. मी आले नवऱ्याच्या नोकरीमुळे, डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करा नाहीतर स्वतःचं दुकान काढा, मला कोणी विचारणार नव्हतं. तुला विचारतील. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाला स्पॉन्सर करणारी कंपनी लागते, आणि इथले बहुतेक मीडिएटर कोणाच्या पगारावर नसतात. उरतो एलएलएमनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा. त्यावर स्वतःचं काम करता येतं, पण तो दोन वर्षांचा, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तर दीडच वर्षाचा. मला पहिलं पैसे देणारं मीडिएशन मिळायला सव्वादोन वर्षं लागली. तोवर एका विमा कंपनीत क्लेम्सच्या फायली उपसत होते.

आता ट्रेनिंगचं. तू ते वर्षभराचं धरून चालली आहेस, पण तो काही दिवसांचा मामला आहे. इंग्लंडमध्ये मीडिएटर व्हायला कायद्याने कसलीही सनद लागत नाही, वकील असायचीही गरज नाही. माझ्या बॅचमध्ये एक सर्व्हेअर होता, एक निवृत्त नर्स होती. सनद नाही म्हणूनच कोणाकडून शिकलात याला वजन येतं. १९९० पासून चालणारी सेंटर फॉर इफेक्टिव्ह डिस्प्यूट रिझोल्यूशन, म्हणजे इथल्या बोलीत 'सीडर', हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. शिवाय सिव्हिल मीडिएशन कौन्सिल आहे, तिच्या यादीत नाव राखायचं तर विमा हवा आणि दरवर्षी शिकत राहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. सीडरचा कोर्स ऑनलाइनही असतो. म्हणजे ज्यासाठी तू कर्ज काढायला निघाली आहेस, ते डोंबिवलीच्या तुझ्या खोलीत दार लावून होण्यासारखं आहे. मामीला तेवढे दिवस मिक्सर लावू देऊ नकोस.

कोर्स लहान आहे म्हणून सोपा समजू नकोस. जवळजवळ सगळा रोल-प्लेच. खोटी पार्टी, खोटं भांडण, घाम मात्र खरा. शेवटी मूल्यमापन: तू मीडिएटर, आणि कोपऱ्यात कोणीतरी वही घेऊन बसलेलं. मी पहिल्या फेरीत नापास झाले. भांडण होतं हॉटेलवाल्याचं आणि त्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचं. प्रायव्हेट सेशनमध्ये, म्हणजे मीडिएटर एकाच बाजूशी वेगळ्या खोलीत बोलतो तेव्हा, हॉटेलवाल्याने आपली बाजू मांडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'हे कोर्टात टिकणार नाही.' नऊ वर्षांची वकिली बोलली! खरं तर विचारायला हवं होतं, 'जज्जसमोर यातलं काय सिद्ध करणं तुम्हाला जड जाईल असं तुमचे वकील म्हणतात?' गोष्ट तीच, पण निष्कर्ष त्याने स्वतः काढायचा असतो. दुसरी चूक त्याहून वाईट. त्या खोलीतून निघताना 'यातलं पलीकडे काय सांगू, काय नको?' हे विचारायला विसरले, आणि पलीकडे गेल्यावर माझी जीभ घसरली. प्रायव्हेट सेशनमधली गोष्ट परवानगीशिवाय बाहेर गेली की मीडिएटर संपला. तुझ्यासारख्या उलटतपासणीत रमणाऱ्या मुलीला सगळ्यात जड जाईल ते गप्प बसणं. घड्याळ लावून सराव कर.

मराठीत मध्यस्थ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लग्न जमवणारा येतो, दोन्हीकडे जेवून दोन्हीकडच्या शिव्या खाणारा. तुलना अगदीच वाईट नाही. तोही निकाल देत नाही. निकाल द्यायचा असेल तर लवाद हो.

आता कामाचं. सीडर अधूनमधून इथल्या मीडिएटरांची पाहणी करते. २०१८ च्या पाहणीत दिसलं की व्यावसायिक कामातलं सुमारे ८५ टक्के काम साधारण २०० जणांकडेच जातं. अ‍ॅक्रिडिटेशनवाले हजारोंनी आहेत. सॉलिसिटर, म्हणजे पक्षकाराचं काम बघणारे इथले वकील, मीडिएटर निवडतात ते ज्याच्यासोबत आधी एखादी केस मिटवली आहे त्याला. तू म्हणतेस की कोर्टच आता मीडिएशनला पाठवतं, मग काम वाढणारच. बरोबर वाचलंस. नोव्हेंबर २०२३ मध्ये, शेजारच्या जमिनीतून घुसलेल्या जपानी नॉटवीड नावाच्या तणाच्या भांडणात, कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की कोर्ट पक्षकारांना अशा वाटेने जायचा आदेश देऊ शकतं. पण मे २०२४ पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या पैशांच्या दाव्यांत जे सक्तीचं मीडिएशन आलं, ते कोर्टाचेच मीडिएटर फोनवर, फुकट करतात. त्यात तुझ्या माझ्या ताटात काही पडत नाही.

याउलट तू रोज ज्या फायली हाताळतेस त्या बघ. आपल्याकडच्या कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्टचं कलम १२अ २०१८ मध्ये आलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते सक्तीचं असल्याचं सांगितलं. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर आधी मीडिएशनचा अर्ज, मग दावा. तू म्हणशील, 'ताई, समोरचा येतच नाही, मीडिएशन सुरूच न झाल्याचा नॉन-स्टार्टर रिपोर्ट घेतो आणि दावा लावतो.' ठाऊक आहे मला. पण जे थोडेफार लोक येऊन बसतात, त्यांच्या खोलीत मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही कळणारे तरुण मीडिएटर किती असतील? शिवाय २०२३ च्या मीडिएशन अ‍ॅक्टमध्ये मीडिएशनमधली तडजोड डिक्रीसारखी, म्हणजे कोर्टाच्या हुकुमासारखी, अंमलात आणायची तरतूद आहे. इथे ती नुसता करार असते. दावा चालू असेल तर कोर्टाच्या आदेशात बसवावी लागते.

भाषेचं हलक्यात घेऊ नकोस. माझं इंग्रजी चांगलं आहे असा माझा समज होता. एकदा समोरचा सॉलिसिटर म्हणाला, 'आपण फार लांब नाही आहोत.' मी मनातल्या मनात पेढे वाटले. फरक चार लाख पौंडांचा निघाला. उलट मुंबईत, इकडे यायच्या आधी, काळबादेवीतल्या दोन कापड व्यापाऱ्यांच्या मीडिएशनला मी ज्युनियर म्हणून बसले होते. एका बाजूने आलेला मुलगा दर दहा मिनिटांनी जिन्यात जाऊन फोन करायचा. आकडा ठरवणारे वडील घरी होते. तिसऱ्या फोननंतर मीडिएटरबाईंनी सगळं थांबवलं, 'पप्पांना घेऊन या, मगच बसू' म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली. सही करायचा अधिकार कोणाकडे आहे, हे मी इथे आता दिवस ठरण्याआधी लेखी विचारते. ते शिकले त्या जिन्यात.

सिंगापूरचंही विचारलंस. तिथलं इंटरनॅशनल मीडिएशन सेंटर २०१४ चं, आणि मीडिएशनमधल्या तडजोडी दुसऱ्या देशातही अंमलात आणण्याच्या सिंगापूर कन्व्हेन्शन या करारावर ७ ऑगस्ट २०१९ ला भारताने पहिल्याच दिवशी सही केली. अनुसमर्थन, म्हणजे करार पक्का लागू करायची पुढची पायरी, मात्र रखडलंय. गाव चांगलं आहे, महाग आहे, आणि अनोळखी माणसाला काम न देण्यात लंडनसारखंच आहे.

मी तुझ्या जागी असते तर नोकरी सोडली नसती. सुप्रीम कोर्टाच्या मीडिएशन कमिटीच्या धर्तीवरचं ४० तासांचं ट्रेनिंग आधी मुंबईत केलं असतं, हायकोर्टाच्या मीडिएशन सेंटरमध्ये कोणाच्या मागे बसता येईल ते विचारलं असतं, आणि अशी पाच-दहा भांडणं जवळून पाहून मगच सीडरचे पैसे भरले असते. त्यानंतरही लंडनच हवं असेल, तर मीडिएटर म्हणून येऊ नकोस. एखाद्या फर्मच्या किंवा विमा कंपनीच्या डिस्प्यूट्स टीममध्ये नोकरी मिळवून ये, व्हिसा त्यांच्या गळ्यात. पुढे ज्या सॉलिसिटरांनी तुला निवडायचं, ते तुला तिथेच भेटतील.

शनिवारी फोन कर, तुझी रात्र म्हणजे माझी दुपार. बँकेतल्या कर्जाच्या अर्जावर तोवर सही करू नकोस, आणि मामीला 'ताई ये म्हणाली' असंही सांगू नकोस.