नेतेपदाची शर्यत आणि खासगी आयुष्य: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पक्षाचा नेता कसा निवडला जातो यावर मागच्या वेळी लिहिलं होतं, त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर होते, की माणसाच्या खासगी वागण्याने त्याची नेतेपदाची संधी जावी का, आणि जाते तेव्हा नक्की कशामुळे जाते. म्हणून आज फक्त तेच घेतोय.

प्रश्न: लग्न, घटस्फोट, प्रेमप्रकरण हा ज्याचा त्याचा घरचा मामला आहे. पक्षाने त्यात कशाला पडायचं? काम बघा की.

काम बघा हे मलाही पटतं. पण नेतेपदाच्या निवडणुकीत मतदार कोण असतात ते आधी बघा. मोजके खासदार-आमदार, पदाधिकारी, फार तर पक्षाचे सदस्य, आणि यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची सीट त्या एका चेहऱ्यावर अवलंबून असते. ते नैतिकतेचा निवाडा करायला बसलेले नसतात, त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालू असतो की उद्या हे बाहेर आलं तर माझ्या मतदारसंघात मी काय तोंड दाखवू.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पार्नेल, ब्रिटिश संसदेतल्या आयरिश पक्षाचे नेते. एका विवाहित बाईशी त्यांचं जवळपास दहा वर्षांचं नातं होतं आणि पक्षातल्या बऱ्याच जणांना ते माहीत होतं, कोणी काही बोलत नव्हतं. नोव्हेंबर 1890 मध्ये तिच्या नवऱ्याच्या घटस्फोटाच्या खटल्यात ते कोर्टासमोर आलं. तरीही पक्षाने त्यांना पुन्हा नेता निवडलं, हे लक्षात घ्या! मग त्यांचे ब्रिटिश मित्र, लिबरल पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांचं पत्र प्रसिद्ध झालं, की हे नेतेपदावर राहिले तर आमच्या पक्षाचा पाठिंबा टिकवणं मला अवघड जाईल, आणि आयर्लंडच्या स्वराज्याची सगळी आशा तर त्या पाठिंब्यावरच होती. डिसेंबरमध्ये पक्ष फुटला, बहुसंख्य खासदार त्यांना सोडून गेले, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पार्नेल वारले. नातं तेच होतं, सहकारी तेच होते, बदललं काय तर त्या नात्याची किंमत पक्षाला मोजावी लागणार हे दिसायला लागलं.

पण हा हिशोब करताना पक्ष किती चुकतात तेही सांगायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. डिसेंबर 1998 मध्ये अमेरिकेत क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालू होता आणि रिपब्लिकन पक्षाने संसदेच्या प्रतिनिधी सभागृहाचे पुढचे अध्यक्ष (स्पीकर) म्हणून बॉब लिव्हिंगस्टन यांना निवडलं होतं. त्यांची विवाहबाह्य प्रकरणं बाहेर आली आणि ते शर्यतीतून बाजूला झाले. त्यांच्या जागी आले डेनिस हॅस्टर्ट, शांत, वादात नसलेले, पूर्वी शाळेत कुस्तीचे कोच असलेले, आणि 1999 ते 2007 ते त्या पदावर होते. नंतर कळलं की कोच असताना त्यांनी शाळकरी मुलांचं लैंगिक शोषण केलं होतं. 2016 मध्ये त्यांना तुरुंगवास झाला तोही त्या मुलांबाबत नाही, तो काळ कायद्याच्या मुदतीबाहेर गेला होता, तर बँकेतून पैसे काढण्याच्या गुन्ह्यात झाला. म्हणजे दोन प्रौढांच्या संबंधांवरून एकाला बाजूला व्हावं लागलं आणि ज्याने मुलांचं आयुष्य नासवलं त्याला पक्षाने त्या जागी बसवलं. लफडं लगेच दिसतं, त्याची चर्चा होते, आणि ज्याच्याबद्दल काहीच कानावर आलेलं नाही तो स्वच्छ असं आपण धरून चालतो.

प्रश्न: मग काही जण एवढं सगळं बाहेर येऊनही टिकतात कसे?

याला एक उत्तर नाही, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वागण्यापेक्षा त्याबद्दल आपल्याच माणसांशी खोटं बोललं का, यावर बरंच ठरतं.

ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते पॅडी अ‍ॅशडाऊन घ्या. त्यांच्या वकिलाच्या ऑफिसातून कागद चोरीला गेले, त्यात आपल्या सेक्रेटरीशी पूर्वी असलेल्या संबंधांचा उल्लेख होता. फेब्रुवारी 1992, निवडणूक दोन महिन्यांवर. त्यांनी पत्रकारांना बोलावलं, हो खरंय म्हणून सांगितलं, आणि त्यांची लोकप्रियता उलट वाढली, पुढे 1999 पर्यंत तेच नेते होते.

ब्रिटनच्याच कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे बोरिस जॉन्सन यांना 2004 मध्ये त्यांचे तेव्हाचे नेते मायकल हॉवर्ड यांनी पक्षाच्या पदावरून काढलं ते प्रेमप्रकरणासाठी नाही असंच तेव्हा सांगितलं गेलं, प्रकरण नाहीच असं ते म्हणाले होते आणि ते खोटं निघालं म्हणून. आता तुम्ही म्हणाल की मग 2019 मध्ये तेच नेते कसे झाले. शर्यत चालू असतानाच जून महिन्यात रात्री घरातल्या भांडणाच्या आवाजाने शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते, सभेत विचारलं तर त्यांनी उत्तर द्यायचं टाळलं, आणि तरी सदस्यांची 66 टक्के मतं त्यांना मिळाली. माझ्या मते दोन कारणं होती. एक म्हणजे ते कसे आहेत हे लोकांना पंधरा वर्षं माहीत होतं, नवीन धक्का काही नव्हता, आणि दुसरं म्हणजे पक्ष तेव्हा ब्रेक्झिटवरून बुडायच्या भीतीत होता, अशा वेळी सदस्य जिंकून देणारा माणूस शोधतात, चारित्र्य नंतर बघू म्हणतात. पण ते नंतर बघणं चुकत नाही बरं का. 2022 मध्ये त्यांचं पंतप्रधानपद गेलं ते विश्वासाच्याच मुद्द्यावर, आणि शेवटचा धक्का होता त्यांनी पदावर नेमलेले खासदार ख्रिस पिंचर यांच्याबद्दलच्या गैरवर्तनाच्या जुन्या तक्रारीची माहिती आपल्याला आधी होती की नव्हती यावर बदलत गेलेली उत्तरं.

आणि काळही बदलतो. अमेरिकेत न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी 1962 मध्ये घटस्फोट घेतला, 1963 मध्ये लहान मुलांची आई असलेल्या घटस्फोटित बाईशी लग्न केलं आणि 1964 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीत त्यांची आघाडी घसरली. कॅलिफोर्नियातल्या निर्णायक मतदानाच्या तीन दिवस आधी त्यांना मुलगा झाला, जुना विषय परत सगळ्यांच्या तोंडी आला आणि ते थोडक्यात हरले. सोळा वर्षांनी त्याच पक्षाचे घटस्फोटित रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष झाले आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

प्रश्न: दारूचं व्यसन यात धरायचं का?

आजार म्हणून सहानुभूती, आणि पदाचं काम होत नसेल तर पद नाही, एवढं साधं आहे. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचेच नंतरचे नेते चार्ल्स केनेडी यांनी वर्षानुवर्षं नाकारलं, जानेवारी 2006 मध्ये कबूल केलं की दारूचा प्रॉब्लेम आहे, पण तोवर सहकारी झाकून झाकून थकले होते आणि दोन दिवसांत त्यांना नेतेपद सोडावं लागलं. लोक त्यांच्यावर प्रेम करायचे. पण हाताखालच्या लोकांना रोज तुमच्यासाठी कारणं सांगत बसायला लागणं हे कोणाचंच खासगी राहत नाही.

प्रश्न: स्त्री नेत्यांना हाच नियम लागतो का? मला तर तसं दिसत नाही.

तुम्हाला बरोबर दिसतंय. पुरुषाला विचारतात तू काय केलंस, आणि बाईला विचारतात तू अशी का आहेस. ज्युलिया गिलार्ड यांना मूल नाही म्हणून 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एका सिनेटरने त्या नेतृत्वाला लायक नाहीत असं जाहीर म्हटलं, नंतर त्याला माफी मागावी लागली आणि 2010 मध्ये गिलार्ड पक्षाच्या नेत्या आणि पंतप्रधान झाल्या. फिनलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान सना मारिन यांचा मित्रमैत्रिणींबरोबर नाचतानाचा व्हिडिओ 2022 मध्ये बाहेर आला तर त्यांना ड्रग टेस्ट करून घ्यावी लागली, ती निगेटिव्ह आली. नाचण्यावरून एखाद्या पुरुष पंतप्रधानाला टेस्ट द्यावी लागली असती का, मनाला विचारून बघा.

पण हे शस्त्र उलटतंही. 2016 मध्ये ब्रिटनच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षात थेरेसा मे आणि अँड्रिया लेडसम दोघीच शर्यतीत उरल्या होत्या. लेडसम यांनी एका मुलाखतीत असं सुचवलं की मी आई आहे म्हणून देशाच्या भविष्यात माझा जास्त जीव गुंतलाय, आणि मे यांना मूल नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. एवढा संताप झाला की माफी मागून दोन दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. दुसऱ्याच्या दुःखावर आपलं नेतृत्व उभं करणारं माणूस त्यांच्याच पक्षाला नको झालं, आणि मला ते फार चांगलं वाटलं होतं.

प्रश्न: खासगी कुठे संपतं? ठोस सांगा, गोल गोल नको.

ठोसच सांगतो. समोरच्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक होती का? तिची नोकरी, तिकीट, बढती तुमच्या हातात होती का? सार्वजनिक किंवा पक्षाचा पैसा त्यात गेला का? कायदा मोडला का? आणि जे तुम्ही इतरांना भाषणातून शिकवता त्याच्या बरोबर उलट वागलात का? यातल्या एकाचंही उत्तर वाईट असेल तर तो खासगी मामला उरत नाही.

ऑस्ट्रेलियात बार्नाबी जॉइस हे नॅशनल्स पक्षाचे नेते आणि उपपंतप्रधान होते. 2018 मध्ये ज्या बाईशी त्यांचं नातं बाहेर आलं त्या आधी त्यांच्याच ऑफिसात कामाला होत्या, आणि त्यांना दुसरीकडे नोकऱ्या मिळाल्या त्या कशा, हा प्रश्न उभा राहिला. कुटुंबाच्या गोष्टी करणारा नेता ही त्यांची ओळख होती तेही नडलं. पंतप्रधान टर्नबुल यांनी मंत्री आणि त्यांचा स्टाफ यांच्यातल्या शारीरिक संबंधांवर बंदीच घातली. पुढे एका वेगळ्या बाईची छळाची तक्रार आली, ती त्यांनी नाकारली, पण नेतेपद सोडलं. 2021 मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना परत नेता केलं.

याच्या शेजारी जपानमधल्या एका विरोधी पक्षाचे नेते युइचिरो तामाकी ठेवा. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्या पक्षाच्या जागा 7 वरून 28 झाल्या, नोव्हेंबरमध्ये त्यांचं विवाहबाह्य प्रकरण छापून आलं, त्यांनी त्याच दिवशी मान्य केलं, पक्षाने तीन महिने पदावरून दूर ठेवलं आणि मार्चमध्ये ते परत आले. शिक्षा कमी होती की जास्त यावर वाद घाला, पण ती ठरलेली होती, मुदतीची होती, सगळ्यांना दिसेल अशी होती. बहुतेक पक्षांकडे असं काहीच नसतं, मग एकतर सगळं दडपतात नाहीतर माणसाला एका रात्रीत संपवतात.

प्रश्न: आरोप खोटा असेल तर? शर्यतीच्या तोंडावर असले आरोप मुद्दाम करतात.

करतात, हे खरंच आहे. आणि कधी कधी माहिती खरी असते पण ती बाहेर काढण्यामागचा हेतू राजकीय असतो. 1978 मध्ये जगजीवन राम यांच्या मुलाचे खासगी फोटो छापले गेले, त्यात त्यांचा स्वतःचा काहीही संबंध नव्हता, पण पंतप्रधानपदाचे दावेदार म्हणून त्यांची प्रतिमा कायमची दुखावली गेली. मुलाच्या वागण्याची शिक्षा बापाला, हे मला कधीच पटलेलं नाही.

कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या विरोधी पक्षाचे नेते पॅट्रिक ब्राऊन यांच्यावर जानेवारी 2018 मध्ये एका टीव्ही चॅनलने लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांची बातमी दिली, त्यांनी सगळं नाकारलं, तरी काही तासांत नेतेपद गेलं आणि पाच महिन्यांनी त्यांचा पक्ष दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली सत्तेत आला. 2022 मध्ये चॅनलने मान्य केलं की बातमीतले महत्त्वाचे तपशील चुकीचे होते. म्हणून काय तक्रारी ऐकायच्याच नाहीत? अजिबात नाही. तक्रार करणारीला पक्षात जाता येईल अशी स्वतंत्र जागा हवी, नेत्याच्या गोटाबाहेरची, आणि चौकशी आठवड्यांत पूर्ण व्हायला हवी. ती जागा नसते म्हणून बाया चॅनलकडे जातात, आणि ती नसते म्हणूनच निर्दोष माणसालाही आपलं म्हणणं मांडायला जागा मिळत नाही.

प्रश्न: मी एका नेत्याच्या टीममध्ये आहे. ते अध्यक्षपदासाठी उभे राहणार आहेत, पत्नीपासून वेगळे राहतात, विरोधी गट कुजबुज करतोय. आम्ही काय करावं?

पहिलं, त्यांच्याशी एकदा दार बंद करून बसा आणि सगळं विचारा, अगदी सगळं. यात लाजायचं नाही. ब्रिटनचे क्रिस ह्यून 2007 मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचं नेतेपद फक्त 511 मतांनी हरले. 2003 मध्ये जास्त वेगाने गाडी चालवल्याचा ठपका त्यांनी बायकोच्या नावावर टाकला होता, लग्न मोडल्यावर ते बाहेर आलं आणि 2013 मध्ये दोघांनाही आठ महिन्यांची शिक्षा झाली. लग्न मोडणं हा गुन्हा नव्हताच, पण ते मोडल्यावर गुन्ह्याला दडायला जागा उरली नाही. तुमच्या नेत्याच्या बाबतीत असं काही आहे का, हे तुम्हाला विरोधकांच्या आधी कळायला हवं.

दुसरं, वेगळे राहतोय हे एका वाक्यात, अर्ज भरायच्या आधी, त्यांनी स्वतः सांगावं, आणि त्यापुढे तपशील देऊ नयेत. गॅरी हार्ट यांच्यासारखं आव्हान तर मुळीच देऊ नये, 1987 मध्ये ते अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीत सगळ्यात पुढे होते, पत्रकारांना म्हणाले माझा पाठलाग करा, कंटाळाल, मग एका तरुणीबरोबरच्या संबंधांची बातमी आली आणि काही दिवसांत ते शर्यतीबाहेर गेले.

तिसरं, आणि हे मी हात जोडून सांगतो, त्यांच्या पत्नीला स्टेजवर आणू नका. तिच्याकडून स्टेटमेंट लिहून घेऊ नका, मुलांचे फोटो फिरवू नका, समोरच्या गटाच्या घरातलंही काही उकरू नका. तिने हे आयुष्य निवडलेलं नाही. तिला काय सांगायचंय, काय नाही, हे आधी तिला विचारा आणि ती नको म्हणाली तर विषय तिथे सोडा, मग त्यात तुमची चार मतं गेली तरी चालतील.