वाचकांचे प्रश्न : काजूची बी बाहेर लटकते, मग?

प्रश्न : आमची वेंगुर्ल्याला काजूची बाग आहे. मुलगी नववीत आहे, तिच्या पुस्तकात लिहिलंय की ज्यांच्या बिया फळात झाकलेल्या नसतात त्या अनावृत्तबीजी वनस्पती. ती म्हणते काजूची बी तर बोंडूच्या बाहेर लटकते, म्हणजे काजू अनावृत्तबीजीच की! मी नाही म्हटलं, पण का नाही ते मला सांगता येईना.

उत्तर : ताई, पोरीला आधी शाबासकी द्या, कारण तिनं पुस्तकातलं वाचून बागेत जाऊन बघितलं, बाकी वर्गानं नुसती व्याख्या पाठ केली असणार. चूक तिची नाही, चूक आपल्या बोलण्यातल्या 'बी' या शब्दाची आहे. आपण जिला काजूची बी म्हणतो ते वनस्पतीशास्त्राच्या हिशोबानं अख्खं फळ, आणि ज्याला फळ समजून मीठ लावून खातो तो बोंडू म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. पटत नसेल तर मोहोर येऊन गेल्यावर रोज एकच घोस बघत राहा, आधी हिरवी बी वाढते, बोंडू बिचारा मागून फुगतो. ओले काजूगर काढताना ज्याचा चीक बोटं सोलवटून काढतो (हाताला खोबरेल लावलं तरी थोडा प्रसाद मिळतोच) ती त्या फळाची साल. तिच्या आत तांबूस पातळ सालीत गुंडाळलेला गर, ही खरी बी. म्हणजे बी चांगली कडेकोट बंद आहे, काजू आवृत्तबीजीच. आणि गराची दोन भकलं होतात, ज्याला बाजारात काजू पाकळी म्हणतात, ती दोन बीजपत्रं, म्हणून द्विबीजपत्री. बिब्बा याच कुळातला, त्यालाही काळ्या बिब्ब्याच्या डोक्यावर केशरी बोंड असतंच.

आता खरी उघडी बी दाखवायची तर सायकस शोधा, सोसायटीच्या गेटपाशी किंवा बंगल्याच्या बागेत असतोच. त्याच्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. मादी झाडाच्या शेंड्यात डोकावलं की तपकिरी, लोकरीसारखी लव असलेली पानासारखी काहीतरी दिसतात, आणि त्यांच्या कडेला सुपारीएवढ्या केशरी बिया नुसत्या चिकटलेल्या, ना फूल ना फळ. फक्त तोंडात घालू नका, विषारी असतात, कुत्रं पाळलेलं असेल तर त्यालाही लांब ठेवा. पाइनचं तसंच, खवल्यांच्या बेचक्यात बी, आपण खातो तो चिलगोजा तिथलाच. आणि हे सगळं बाहेरचंच असं नाही, सह्याद्रीच्या जंगलात उंबळीची वेल आहे ती अनावृत्तबीजी आहे, पण पानं चांगली रुंद, जाळीदार शिरांची, त्यामुळे भलेभले फसतात. तिच्यावर लालसर फळं लटकल्यासारखी दिसतात पण ती फळं नव्हेत, बीवरचंच मऊ वेष्टण. जगात अशा उघड्या बियांच्या जाती हजार-अकराशेच, झाकलेल्या बियांच्या तीन लाखांच्या आसपास.

प्रश्न : उपासाला मखाणे आणले तर नणंद म्हणाली ही कमळाची बी. मी म्हटलं नाही. वाद अजून चालू आहे. — पुणे

उत्तर : वाद तुम्ही जिंकलात, पण थोडक्यात. कमळाची बी म्हणजे कमळगट्टा, पूजेच्या दुकानात मिळतो, काळा आणि दगडासारखा टणक. मखाणा बिहारकडच्या तळ्यांतल्या एका काटेरी पाणवनस्पतीचा, तिची बी गरम करून फोडली की लाही फुटते. ही वनस्पती वॉटरलिलीच्या कुळातली.

नणंदबाईंना फार बोलू नका मात्र, कारण वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालणाऱ्या खुद्द लिनियसनं 1753 मध्ये कमळ आणि लिली एकाच प्रजातीत टाकले होते. दिसतातच तसे. पण नीट बघितलं तर कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं, अखंड गोल, पाण्याचा थेंब त्यावर पाऱ्यासारखा पळतो, आणि लिलीचं पान पाण्यावर पसरलेलं, देठापर्यंत चीर गेलेली. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली घातले तर कमळाच्या कणाला तीन खाचा, लिलीच्याला एकच. मग 1990 च्या दशकात डीएनए तपासायला लागले आणि सगळी नातीगोती उलटीपालटी झाली, लिली निघाली सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात अगदी बुडाच्या फांदीवरची आणि कमळाचा जवळचा नातेवाईक कोण, तर चिनार! म्हणजे श्रीनगरला दल लेकमध्ये शिकाऱ्यात बसलात की पाण्यातलं कमळ आणि काठावरचा तो भलामोठा चिनार हे चुलत भाऊ, आणि शेजारी तरंगणारी लिली कमळाची कुणी नाही. मला स्वतःला हे पचायला बरेच दिवस लागले.

अजून गंमत, कासला जाऊन लोक ज्या कुमुदिनी तळ्याचे फोटो काढतात तिथली ती झालरवाल्या पाकळ्यांची पांढरी फुलं, ती यातलं काहीच नाही, ती सूर्यफुलाच्या गणातली (गण म्हणजे जवळच्या कुळांचा गट). पाण्यात राहायचं तर गोल पसरट पान सोयीचं, म्हणून तिघांनी आपापलं वेगवेगळं जमवलंय.

प्रश्न : मिरी द्विबीजपत्री की नाही? इंटरनेटवर वेगळंच लिहिलंय आणि परवा पेपर आहे.

उत्तर : पेपरात द्विबीजपत्रीच लिही बाळा, मार्क जाऊ देऊ नकोस. बीजपत्रं दोनच असतात, त्यात खोटं काही नाही. पण मिरी, दालचिनी, जायफळ, सीताफळ, सोनचाफा यांची एक वेगळीच फांदी आहे असं आता मानतात, परागकणाला मुळात एकच खाच, बाकीच्या द्विबीजपत्रींसारख्या तीन नाहीत. 1998 पासून डीएनएवर आधारलेलं जे नवं वर्गीकरण आलं त्यात जुना 'द्विबीजपत्री' हा एकसंध गट राहिलेलाच नाही. पण हे सगळं परवानंतर वाच.