हॉल मिळाला, आता वर्ग कसला काढायचा?

प्रश्न : दिघ्यात आमच्या मंडळाला समाजमंदिराचा हॉल मिळतोय. बायकांसाठी शिवणवर्ग काढायचं ठरतंय. दहा मशीन घेऊ का?

थांबा. आधी आठवडाभर पायपीट करा. टीटीसीची औद्योगिक वसाहत तुमच्या दारात आहे. रबाळे-महापेपर्यंत गेटागेटावर लागलेल्या ‘पाहिजेत’च्या पाट्या वहीत उतरवून घ्या : काम कसलं, पगार किती, पाळी कुठली. शिवणवर्ग म्हणजे आपल्याकडचे कांदेपोहे, कुठल्याही प्रसंगाला तेच. पायमशीनवर तीन महिने झबली-टोपडी शिवलेली बाई कारखान्यात जुकीपुढे, म्हणजे विजेवरच्या वेगवान मशीनपुढे, बसते आणि पाय जरा जोरात पडला की कापड हातातून सुसाट निघून जातं. शिवणच काढायचं असेल तर दोन जुकी आणि कडा शिवायचं एक ओव्हरलॉक घ्या, जुनी चालतील. आणि वेळ बायकांना विचारून ठरवा. सोसायट्यांतली घरकामं आटोपून त्या दीड-दोनला परततात, मग पाणी भरायचं असतं. सकाळी दहाचा वर्ग रिकामाच राहणार.

प्रश्न : कळव्यात एसी दुरुस्तीचा वर्ग मार्चमध्ये सुरू केला. वीस मुलं होती, एप्रिलअखेर सहा उरली. मुलांना शिकायचंच नसतं का?

मुलांना कशाला बोल लावता? मार्च ते मे हा एसीवाल्यांचा सीझन. अर्धवट शिकलेला पोरगासुद्धा तेव्हा हेल्पर म्हणून रोजावर उचलला जातो, आणि शिकवणारा मेकॅनिकही फोन आला की पाना घेऊन पळतो. बॅच नोव्हेंबरमध्ये घ्या, फेब्रुवारीत संपवा. मार्चमध्ये मुलं हातात काम घेऊनच बाहेर पडतील.

तुमच्या पत्रात प्रोजेक्टरचा उल्लेख आहे, म्हणून थोडं खटकणारं लिहितो. एका संस्थेत मी पाहिलं : फळ्यावर रेफ्रिजरेशन सायकलचं सुरेख रंगीत चित्र, पण तांब्याच्या नळीला फ्लेअर, म्हणजे जोडणीसाठी तिचं तोंड फाकवणं, एकाही मुलाने स्वतः मारलेली नव्हती. फ्लेअर वाकडी असेल तर नट कितीही आवळा, गॅस झिरपणारच. साबणाचं पाणी लावल्यावर नटाशी फुगा धरतो, तो स्वतःच्या कामावर एकदा दिसला की मुलगा जन्मात विसरत नाही. प्रोजेक्टरच्या पैशात नळीची भेंडोळी आणा आणि पन्नास फ्लेअर फुकट जाऊ द्या. एक मात्र बजावून सांगा : एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅसची लाइन पूर्ण रिकामी केल्याशिवाय ब्रेझिंगची, म्हणजे नळ्या तापवून जोडायची, ज्योत पेटवायची नाही, आणि बंद खोलीत तर मुळीच नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीकडे सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, मागितला. ट्रस्ट गेल्याच वर्षी नोंदवलाय. ‘बसत नाही’ म्हणाले.

बरोबर सांगितलं त्यांनी. कौशल्य प्रशिक्षण कंपनी कायदा २०१३ च्या यादीत आहे, विषयाची अडचण नाही. पण कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय आयकर खात्याकडची करसवलतीची १२ए, ८०जी आणि सीएसआर घेणाऱ्या संस्थांसाठीची सीएसआर-१ ही नोंदणी हवी. तोवर एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करा आणि हजेरीपुस्तक, पावत्या आजपासून नीट ठेवा. कंपनीकडे पैशाऐवजी बदललेली जुनी यंत्रं आणि शनिवारी शिकवायला एक फोरमन मागा. हे देताना लोक कमी कचरतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या केंद्राचं सर्टिफिकेट नोकरीला चालेल का?

भिंतीवर लावायला चालेल. सरकारी मान्यतेचं हवं असेल तर एनसीव्हीईटीची, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या संस्थेशी केंद्र जोडून घ्या. मुलांसाठी त्याहून जवळची वाट शिकाऊ उमेदवारीची आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. कंत्राटी धरून तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. तेव्हा एचआरच्या टेबलाशी गेल्यावर सर्टिफिकेट पुढे करण्याआधी विचारा, ‘यंदाचे शिकाऊ भरले का साहेब?’