समुद्राकाठचं घर आणि अकरा नावांचा सातबारा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मूळचे बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यातले, आता कारेलीबागेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. मी नुकताच निवृत्त झालो. देवदर्शनाला गेलो असताना तिथे एक वाडी पाहिली. नऊ गुंठे जागा, जुनं कौलारू घर, विहीर, नारळ-पोफळी, आणि मागच्या आगरातून समुद्राची पुळण जेमतेम दीडशे पावलांवर. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. विकणारे गृहस्थ म्हणतात, सगळ्यांची तोंडी संमती आहे, मुंबईच्या भावांचं मुखत्यारपत्र नंतर आणून देतो. आम्ही शेतकरी नाही, तर मध्यस्थ म्हणतो, शेतकरी दाखल्याची सोय करून देऊ. इसार दोन लाख मागताहेत. फ्लॅट विकून कायमचं तिकडे जावं आणि मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधाव्यात, असा माझा विचार आहे. बायको तयार नाही, तिला दवाखान्याची काळजी वाटते. काय करावं?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : इसार देऊ नका. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण अंक हाती पडण्याआधीच मध्यस्थाचा फोन आला तर त्याला एवढंच सांगा की अकराही जणांच्या सह्या होणार असतील तर बोलू.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. लग्न होऊन बडोद्याला आले आणि इथे वकिली केली, ती बहुतेक खरेदीखतं आणि वाटणीपत्रं यांचीच. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला ती वाडी आणि तो सातबारा दोन्ही डोळ्यांपुढे दिसत होते. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात फक्त मुलग्यांची नावं चढली. आत्यांची नावं नाहीत, पण हक्क आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी वारस झाली, 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून तुम्ही मोजलेली अकरा नावं हा शेवटचा आकडा नव्हे. ज्यांची नावं लागायला हवी होती आणि लागली नाहीत, त्या सासरी गेलेल्या लेकी आणि त्यांची मुलं कोण, हे जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढल्याशिवाय कळणार नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी सिद्ध करायला तो एकटा पुरत नाही.

समजा, एकट्या गृहस्थांच्या सहीनं खरेदीखत झालं. तर तुम्हाला मिळेल तो त्यांचा अविभक्त हिस्सा, तोही कुठला कोपरा ते न ठरलेला. आणि मधोमध कुटुंबाचं राहतं घर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्या माणसानं घेतला, तरी त्याला त्या घरात एकत्र राहण्याचा, सामाईक ताब्याचा हक्क मिळत नाही. तुम्ही वाटणीचा दावा लावलात तर 1893 च्या वाटणी कायद्याप्रमाणे घरचेच लोक तुमचा हिस्सा न्यायालयानं ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ शकतात. म्हणजे पैसे भरून कुलूप उघडण्याचा अधिकार नाही, आणि पुढची वर्षं तारखांत जाणार. ‘नंतर आणून देतो’ म्हटलेल्या मुखत्यारपत्राचंही तसंच. देणारा माणूस मधल्या काळात गेला तर ते पत्रही संपतं आणि त्याच्या जागी त्याचे वारस येतात.

माझा यातला आग्रह नुसता कायद्याचा नाही. मुंबईचे ते भाऊ गणपतीला आणि शिमग्याला गावात येणारच. त्यांच्या आजीनं लावलेल्या माडाखाली तुम्ही खुर्ची टाकून बसलेले असाल आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसेल, तर त्या गावात तुमचं उरलेलं आयुष्य कसं जाईल? छोट्या गावात शेजारच हाकेला येतो. त्यांची खुशी कागदावर उतरल्याशिवाय ते घर घेऊ नये.

आता शेतकरी दाखला. शेतीऐवजी घरासारख्या दुसऱ्या वापराची ठरलेली जमीन आपल्याकडे बिनखेती म्हणतात, तीच तिकडे बिनशेती किंवा अकृषिक. गुहागरसारख्या गावात घर असलेली वाडीही पुष्कळदा सातबाऱ्यावर बागायत शेतजमीनच असते. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 आहे, त्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हा कायदा बडोदेकरांना परका नाही. बडोदा संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, 1960 मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि हाच मुंबईचा कायदा दोन्ही राज्यांत पुढे चालू राहिला. कोणी ‘सोय करून’ दिलेल्या दाखल्यावर घेतलेली जमीन कलम 84क खाली अवैध ठरून सरकारजमा होऊ शकते. तेव्हा मध्यस्थ कोठे असेल कोण जाणे. तुमच्या घरात आजोळकडून किंवा सासरकडून कुणाची खरीखुरी शेती वारसानं आली असेल तर ती गोष्ट वेगळी, त्याचे कागद काढा. नाहीतर घराखालची जागा रीतसर बिनशेती झालेली असेल, तेवढीच बघा. नऊ गुंठे हा पूर्ण हिस्सा नंबर आहे की मोठ्या नंबराचा तुकडा, हेही विचारा. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात तुकड्याचा व्यवहार अडकू शकतो.

पर्यटकांच्या दोन खोल्यांचं मनातून काढून टाका, निदान आत्ता तरी. किनाऱ्यावरचं बांधकाम 1991 पासून सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेखाली आहे, सध्या 2019 ची लागू आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, आणि जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त दाट वस्ती असेल तर तो पट्टा 50 मीटर. शहरी विकसित भागाचे नियम निराळे. गुहागरला नगरपंचायत आहे म्हणून सवलत मिळेल, असं धरून चालू नका. तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या वर्गात पडतो ते मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरच ठरतं. भरतीरेषाही त्याच नकाशावरची, पावलांनी मोजायची नाही. दीडशे पावलं म्हणजे तुम्ही बहुधा अगदी कचाट्यातच आहात. जुनं अधिकृत घर मात्र त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात दुरुस्त करता येतं. त्यासाठी जुन्या घरपट्टीचा उतारा लागतो, घर 1991 आधीचं असल्याचा तोच पुरावा. तो कागद त्या घराच्या आढ्याइतकाच मोलाचा समजा.

वाडीचं काम लोक हौशीनं घेतात आणि दुसऱ्या वर्षी थकतात. पोफळीला पाऊस संपला की शिंपणं लागतं. पावसाच्या तोंडावर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारावं लागतं, त्यासाठी झाडावर चढणारा माणूस हवा आणि तो माणूस आता सहज मिळत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं जातात, हे ध्यानात घेऊन उत्पन्नाचा हिशेब करा. विहीर वैशाखात बघा आणि पाणी तोंडात घेऊन बघा. आपल्या तिप्पट पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. लोखंडी खिडक्या, गेट, पंपाची पेटी, सगळ्याला खारा वारा खातो.

वहिनींची काळजी मला पूर्ण पटते. मोठं दुखणं आलं तर चिपळूण किंवा डेरवण गाठायचं, आणि रेल्वेसाठीही चिपळूणच. तो रस्ता चाळीसहून अधिक किलोमीटरचा, वळणांचा. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हाचे आपले हाल आठवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीनं चिपळूण बुडवलं, तेव्हा गुहागरकरांचा दवाखाना, बाजार आणि स्टेशन एकदमच तुटलं. बडोद्याहून कोकणात जाणाऱ्या गाड्याही सगळ्याच चिपळूणला थांबत नाहीत.

म्हणून फ्लॅट विकू नका. तो भाड्यानं द्या आणि त्याच भाड्यात गुहागरच्या वरच्या पाटात किंवा खालच्या पाटात, म्हणजे गावाच्या कुठल्याही भागात, एखादं घर भाड्यानं घ्या. मृगापासून दिवाळीपर्यंत दोघांनी राहा. आषाढात वीज जाते, कपडे वाळत नाहीत, पर्यटक नसतात, हॉटेलं बंद असतात. तेव्हा करमलं तर घर घ्यायचा विचार पक्का करा. करमलं नाही तर काहीही न गमावता परत या. वहिनींना बरोबर नेऊन त्यांचा शब्द शेवटचा माना.

तोवर इतकं मागवा : सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), त्यावरचे सगळे फेरफार, ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं, बोजाचं किंवा शर्तीचं काही असल्यास त्याची नक्कल, घरपट्टीचे उतारे, आणि भूमी अभिलेखाची हद्द कायम मोजणी, शेजाऱ्यांना नोटीस देऊन केलेली. त्या तालुक्यातल्याच वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. विकणाऱ्यांनी हे द्यायला कां-कूं केलं तर दुसरी वाडी बघा. फेरफार हातात आले की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं नकला पाठवा. वारसांची वंशावळ मी स्वतः लावून बघेन.