वर्गणी भरूनही चॅटबॉट का अडतो?

प्रश्न : मी दरमहा वर्गणी भरतो. तरीही काम रंगात आले की ‘मर्यादा संपली’ असा संदेश येतो आणि काही तास हात बांधून बसावे लागते. ही अडवणूक नव्हे काय?

आपली चीड रास्त आहे, कारण जाहिरातीत क्षमता ठळक अक्षरांत असते आणि मर्यादा बारीक अक्षरांत. मात्र मर्यादा ही नवी गोष्ट नाही. चॅटजीपीटीची दरमहा २० डॉलरची वर्गणी २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि मार्चमध्ये जीपीटी-४ हे त्यामागचे नवे मॉडेल (म्हणजे उत्तरे रचणारी यंत्रणा) आल्यावर, पैसे भरणाऱ्यांनाही काही काळ तीन तासांत २५ संदेशच मिळत होते. प्रत्येक उत्तरासाठी महागड्या चिपांवर नव्याने गणित करावे लागत असल्यामुळे, भरपूर वापरणारा ग्राहक कंपनीला तोट्याचा ठरू शकतो.

आता जे सहसा कोणी सांगत नाही ते पाहू. मॉडेलला मागचे काही आठवत नसते. आपण नवा संदेश पाठवला की आधीचे सगळे संभाषण त्याच्यासोबत पुन्हा मॉडेलपुढे ठेवले जाते. समजा, आपण चाळीस पानांचा अहवाल चिकटवला आणि मग ‘शीर्षक जरा आटोपशीर करा’ असे लिहिले. आपल्या लेखी हे चार शब्द. मॉडेलच्या लेखी चाळीस पाने अधिक चार शब्द. मग ‘नको, पहिलेच बरे होते’ असे लिहिलेत की पुन्हा चाळीस पाने. अनेक सेवांमध्ये मर्यादा या आकारमानावर ठरते, त्यामुळे दहा-बारा किरकोळ दुरुस्त्यांतच ती संपते. दुरुस्त्या एकाच संदेशात एकत्र सांगाव्यात, आणि विषय बदलला की नवे संभाषण उघडावे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना आणखी एक भुर्दंड बसतो. मॉडेल मजकूर ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत वाचते आणि आपल्या लिपीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. हा फरक आता कमी होत आहे : २०२४ च्या मे महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणताना दिलेल्या मराठी नमुन्यात टोकनांची संख्या जुन्या पद्धतीच्या सुमारे एक तृतीयांशावर आली होती.

प्रश्न : सुरुवातीला बजावलेले नियम तासाभराने तो विसरतो. असे का?

एका वेळी मॉडेलपुढे किती मजकूर मावतो याला हद्द असते. ती ओलांडली की काही सेवा जुना भाग गाळतात, काही त्याचा सारांश करून ठेवतात, आणि त्या सारांशात आपला ‘आकडे बदलू नका’ हा नियम निसटतो. हद्दीच्या आतही लांबलचक मजकुराच्या मधल्या भागाकडे मॉडेलचे दुर्लक्ष होताना दिसते. नियम अधूनमधून पुन्हा लिहावेत. कंटाळवाणे आहे, पण उपयोगी पडते.

प्रश्न : पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीनेही अस्तित्वात नसलेले संदर्भ दिले. मग वर्गणीचा उपयोग काय?

वर्गणीने जास्त वापर आणि बहुधा अधिक सक्षम मॉडेल मिळते. खरेपणाची हमी मिळत नाही. पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, या अंदाजावर ही यंत्रणा चालते, आणि बनावट संदर्भही खऱ्याच्याच साच्यात बसतो. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी चॅटबॉटने रचलेले निवाडे न्यायालयात सादर केले, तेव्हा २०२३ च्या जूनमध्ये त्यांना व त्यांच्या संस्थेला मिळून ५,००० डॉलर दंड झाला. त्यातील एकाने ‘हे निवाडे खरे आहेत का?’ असे चॅटबॉटलाच विचारले होते आणि त्याने होकार दिला होता. साक्षीदारालाच पंच नेमण्याचा हा प्रकार. संदर्भ मूळ ठिकाणी उघडून पाहावा. तो सापडला नाही तर त्यावर आधारलेले वाक्यही काढून टाकावे.

प्रश्न : ज्या मॉडेलची सवय झाली तेच एके दिवशी गायब झाले. तक्रारीचा काही उपयोग होतो का?

कधी कधी होतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जीपीटी-५ आले तेव्हा जीपीटी-४ओ चॅटजीपीटीतील मॉडेलांच्या यादीतून काढण्यात आले होते. ग्राहकांच्या ओरडीनंतर पैसे भरणाऱ्यांसाठी ते काही दिवसांतच परत आणले गेले. तरीही यावर विसंबू नये. वार्षिक वर्गणीची सवलत कितीही मोहात पाडणारी असली, तरी मी स्वतः मासिकच घेतो, आणि जमून आलेल्या सूचना व त्यांची चांगली उत्तरे माझ्या संगणकावर वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. मॉडेल बदलले की त्याच सूचना नव्याला देऊन जुन्या उत्तरांशी ताडून पाहतो, आणि पुढच्या महिन्याचे पैसे भरायचे की नाही हे त्यानंतर ठरवतो.