वजनगट ठरवण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तायक्वांदोत ज्युनियरचं वय संपत आलंय, आता सीनियरमध्ये ४९ किलोत उतरू की ५७ मध्ये, असं तू विचारलंयस. प्रवास, पैसा, कॉलेज हे सगळं त्याच्या खाली लिहिलंस. क्रम अगदी बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय खेळाडूचं पुढचं बरंच काही या एका निर्णयावर बेतलेलं असतं.

जागतिक स्पर्धेत मुलींचे ८ वजनगट असतात. ऑलिम्पिकमध्ये फक्त ४: ४९, ५७ आणि ६७ किलोपर्यंतचे, आणि ६७ च्या वर. तुझं अंगचं वजन ५४. किलोभर उतरवलंस की ५३ च्या गटात तू मजेत खेळशील, पण तो गट ऑलिम्पिकमध्ये नाहीच. तुझ्या वजनाच्या प्रत्येक मुलीला कधी ना कधी खाली किंवा वर जावंच लागतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. तू वर जा.

४९ म्हणजे तुला ५ किलो उतरवायचे. वजन आदल्या दिवशी घेतात, म्हणून मुलींना वाटतं की काट्यावरून उतरलं की रात्रभरात पाणी आणि जेवण भरून काढू. पण स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठ्या काढून काहींना पुन्हा काट्यावर बोलावतात आणि तिथे सूट फक्त ५ टक्क्यांची. ४९ च्या गटात ५१.४५ किलोच्या वर काटा गेला की स्पर्धा तिथेच संपली. आणि समजा गेला नाही, तरी त्या शरीराने दिवसभर खेळायचं असतं. सकाळची पहिली फाइट कशीबशी निघते. दुपारच्या तिसऱ्या फाइटपर्यंत पोटऱ्या आखडतात आणि उचलून धरलेला पुढचा पाय खाली यायला लागतो. आजचा खेळ त्या पुढच्या पायावरच चालतो हे तुला माहीत आहे. तो हवेत असला की समोरची आत येत नाही. तो खाली आला की ती कट किक, म्हणजे पुढच्या पायाची ढकलणारी किक, मारून आत घुसते, तुझा तोल जातो, तू पडतेस आणि पंच गामजॉम, म्हणजे दंड, देतात. तिला फुकटचा एक गुण. एका फेरीत असे ५ झाले की फेरीच गेली. उपाशी शरीर हरतं ते असं, थोडं थोडं करून. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोरीची जिद्द कमी पडली. तसं नसतं.

५७ मध्ये अडचणी आहेतच. समोरच्या मुली उंच असतील, त्यांचा पाय तुझ्या डोक्यापर्यंत सहज पोचेल आणि डोक्यावरच्या किकला ३ गुण आहेत. पहिलं वर्ष तू बऱ्याच फाइट हरशील, त्याची तयारी ठेव. उंच मुलीसमोर मधल्या अंतरावर कधी उभं राहू नकोस. एक तर पूर्ण बाहेर, नाहीतर छातीला छाती भिडेल इतकी आत. आत गेल्यावर ठोसा मार. एकच गुण मिळतो म्हणून मुली त्याचा सरावच करत नाहीत, पण अटीतटीची फेरी तेवढ्यावरही निघते. शिवाय तुला अजून दोन वर्षं अंगावर ताकद चढवायची आहे, आणि ती उपाशी राहून चढत नाही.

थायलंडच्या पानिपाक वोंगपट्टनाकितकडे बघ. २०१६ ला रिओत कांस्य, मग टोकियोत सुवर्ण, पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण, तिन्ही वेळा ४९ मध्येच. तो तिचा गट होता. मधल्या काळात नियम बदलले. टोकियोत तिन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र मोजत होते, पॅरिसला प्रत्येक फेरी वेगळी. पॅरिसच्या अंतिम सामन्यात दुसरी फेरी तिच्या हातून गेली आणि तिसरी तिने घेतली. गेलेल्या फेरीचं ओझं तिसरीत न्यायचं नाही, हा आता सरावाचाच भाग झालाय. आपण तो सुरू करू: मी मुद्दाम तुला ० गुण लावीन आणि एका मिनिटाच्या विश्रांतीनंतर नव्याने उभी करीन.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. क्रमवारी वजनगटानुसार लागते, ऑलिम्पिक क्रमवारीतल्या पहिल्या ५ जणींना थेट प्रवेश मिळतो आणि क्रमवारीचे जुने गुण वर्षागणिक घटत जातात. म्हणून पोरं दिसेल त्या ओपनला, म्हणजे खुल्या स्पर्धेला, धावतात. तू इतक्यात धावू नकोस. जिथे तुला किमान दोन-तीन फाइट मिळतील अशा स्पर्धा निवड. तगड्या स्पर्धेत पहिल्याच फाइटमध्ये बाहेर पडून परतीचं तिकीट काढण्यात पैसाही जातो आणि शिकायलाही फार मिळत नाही.

पुढे नाव झालं की डोपिंग तपासणीच्या यादीत येशील. मग रोज कुठला एक तास कुठे सापडशील हे आधी कळवावं लागतं, आणि १२ महिन्यांत तीनदा चूक झाली की बंदी येऊ शकते. सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही, ही सवय आजपासूनच लाव.

कॉलेज सोडू नकोस. गुडघा कधी दगा देईल हे कोणी सांगू शकत नाही.

आता एक काम कर. उद्यापासून महिनाभर रोज सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापिण्याआधी वजन कर आणि लिहून ठेव. पाळीचे दिवस आणि झोपेचे तासही बाजूला लिही. ती वही घेऊन आईला बरोबर आण. गटाची नोंदणी त्यानंतर करू.

तुझे,
सर